हिरवी पूड

थोरल्या जावेच्या स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली, तेव्हा धाकटी त्याच रोगावर प्रयोगशाळेत तांब्याची संयुगं तपासत होती. प्लेटच्या खळग्यांत रोगट पेशी वाढवायच्या, त्यांवर संयुग घालायचं आणि शेवटी एक पिवळं द्रावण. पेशी जिवंत असतील तिथे ते जांभळं होतं, मेल्या असतील तिथे पिवळंच राहतं.

एका हिरव्या पुडीनं ओळीच्या ओळी पिवळ्या ठेवल्या. धाकटीच्या नवऱ्यानं ते उत्साहाच्या भरात वहिनीला सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी थोरली डोक्याला रुमाल बांधून वरच्या मजल्यावरून खाली आली.

"ते तुझं औषध मला दे."

"ताई, ते औषध नाहीये अजून. उंदरालासुद्धा दिलेलं नाही."

"मग मला उंदीर समज. नाहीतरी सगळ्यांची डोकी कुरतडतेच आहे मी."

धाकटीला हसू आलं नाही. "नाही देता येणार."

"देता येणार नाही, की द्यायचं नाही?"

"द्यायचं नाही."

थोरलीनं जाताना दार हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटलं. मग तेही वाटेनासं झालं.

थोरलीनं अबोला धरला. जिन्यात गाठ पडली की ती भिंतीकडे बघायची. "चिमूटभर दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?" नवऱ्यानं विचारलं. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

मग प्रयोगशाळेच्या मॅडमनी तीच पूड निरोगी पेशींवर लावायला सांगितली. प्लेट बाहेर काढली तर त्याही ओळी पिवळ्या. पुन्हा लावली, पुन्हा तेच.

"सरसकट मारतंय हे," मॅडम म्हणाल्या. "सोडून दे. पुढचं घे."

सुटल्यासारखं वाटेल किंवा रडू तरी येईल, म्हणून धाकटी थोडा वेळ थांबली. काहीच झालं नाही. तिनं हात धुतले, डबा खाल्ला.

संध्याकाळी ती वर गेली. थोरली खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर.

"ते हिरवं चांगल्या पेशीही मारतं, ताई."

"म्हणजे मेले असते मी."

"कदाचित."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"नव्हतं."

"मग 'नाही' का म्हणालीस?"

"माहीत नव्हतं म्हणूनच."

"मला वाटलं, जावेनं डाव साधला." थोरलीनं पाय थोडे पुढे सरकवले. "केमोनं तळवे बधिर झालेत. चोळ जरा."

धाकटी खाली बसून चोळू लागली. "कळतंय?"

"नाही."

"आता?"

"चोळत राहा."

पुढे शस्त्रक्रिया झाली. गाठ पूर्ण निघाली, असं डॉक्टर म्हणाले. थोरली आता भिंतीला हात न लावता जिना उतरते. धाकटी एका तपकिरी संयुगावर काम करते आहे. घरात त्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि तीही काही सांगत नाही.