बटणांच्या डब्यातली गोळी

मी गोळ्यांची डबी. लगेच नाक मुरडू नका. दागिन्यांची डबी माणसं कधीमधी उघडतात, मला मात्र रोज सकाळी उघडावंच लागतं.

कारखान्यातल्या साच्यातून मी आणि माझ्या बहिणी एकदमच बाहेर पडलो. सात खण, सात झाकणं, प्रत्येक झाकणावर एक वार. औषधाच्या दुकानात बरेच दिवस धूळ खात पडले होते. मग एका शिंप्याच्या बायकोने मला उचललं. नवऱ्याला नुकतंच हृदयाचं दुखणं निघालं होतं, रक्तदाबही वाढला होता, आणि त्याच्या आठवणीवर तिचा काडीचाही भरवसा नव्हता.

गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणतात आणि तिला काकू, म्हणून मीही तसंच म्हणते. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. मास्तर मशीन चालवतात, काकू काज-बटण करतात. मी मशीनच्या फळीवर, खडू आणि कात्रीच्या शेजारी राहते. काकू आठवड्याच्या गोळ्या माझ्यात भरायच्या आणि रोज झाकण उघडून बघायच्या. खण रिकामा दिसला की निर्धास्त होऊन कामाला लागायच्या. एका बाईला आपल्यामुळे निर्धास्त वाटतं, याचा मला फार अभिमान होता.

पुढे मास्तरांचे पाय संध्याकाळी सुजू लागले. दुसरा कोणी असता तर डॉक्टरांकडे गेला असता. मास्तर पडले शिंपी. जे घट्ट होतं ते सैल करायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. त्यांनी मोज्यांचं इलॅस्टिक उसवलं, पँटची मोहरी सैल केली, चपलेच्या पट्ट्याला जोड दिला. काम इतकं सफाईदार, की काकूंच्याही लक्षात आलं नाही.

सूज मात्र वाढतच गेली. मशीनचं पायडल दाबताना पाय जड पडू लागला. रक्तदाबाची पांढरी गोळी सुरू झाल्यापासूनच हे लचांड मागे लागलंय, हे मास्तरांनी बरोबर ताडलं. इथवर त्यांचं काही चुकलं नव्हतं.

पण दुसऱ्या दिवसापासून ती पांढरी गोळी माझ्यातून निघाली की तोंडात जायच्या ऐवजी बटणांच्या डब्यात पडू लागली. काकू यायच्या, रिकामा खण बघायच्या आणि समाधानाने आत जायच्या. माझ्याकडून खोटी साक्ष वदवून घेतली जात होती आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. मला त्याची लाज वाटायची. पायांची सूज उतरली, मास्तर खुशीत आले. दुपारी मात्र डोकं धरून बसायचे आणि कापड बेतताना खडूची रेघ पुन्हा पुन्हा पुसायचे.

एकदा शर्टाला पांढरी बटणं लावायला काकूंनी डबा पुढ्यात ओढला. एका बटणात सुई जाईना. त्याला भोकंच नव्हती. त्यांनी ते उजेडात धरून बघितलं, मग दुसरं उचललं. मग सगळा डबाच फळीवर पालथा केला.

"अहो, हे काय आहे?"

मास्तरांनी मशीन थांबवलं. "पाय सुजत होते गं त्या गोळीने."

"मग सांगायचं नाही का?"

"डॉक्टर म्हणाले असते, मशीन बंद करा. मग दिवसभर करू काय? तुझ्या तोंडाकडे बघत बसू?"

"बसला असतात तर काय बिघडलं असतं?" काकूंनी मला उचलून त्यांच्यापुढे धरलं. "मी रोज ही डबी बघून जिवाला समजावत होते. चांगलं वेड्यात काढलंत मला."

लगोलग आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, थोडं थांबून पुन्हा मोजला.

"मास्तर, या गोळीने काहींचे पाय सुजतात. ती बदलता येते. पण तुम्ही गुपचूप बंद केलीत आणि दाब कुठल्या कुठे चढलाय. काहीही होऊ शकलं असतं. आणि मशीन बंद करा, असं मी कधी म्हटलं?"

त्यांनी चिठ्ठीवर दुसरी गोळी लिहून दिली. चिठ्ठी काकूंनी स्वतःच्या पिशवीत ठेवली.

आता माझ्यात नवी गोळी असते. पण काकू माझ्याकडे बघत नाहीत. पाण्याचा पेला घेऊन मास्तरांपुढे उभ्या राहतात आणि गोळी गिळली की तोंड उघडून दाखवायला लावतात. चूक माझी नव्हती, तरी माझ्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

तुम्हा माणसांना एकच विनवणी आहे. खण रिकामा झाला, एवढंच मला कळतं. गोळी पोटात गेली का आणि तिथे जाऊन काय करतेय, ते तुम्हीच सांगायला हवं.

परवा सकाळी मास्तर गोळी गिळून जरा घुटमळले. म्हणाले, "अगं, या नव्या गोळीपासून कोरडा खोकला येतोय. थांबतच नाही. डॉक्टरीणबाईंना विचारूया का?"

 काकूंनी डोळे पुसून दवाखान्यात फोन लावला. खोकल्याची बातमी ऐकून कुणाचा चेहरा इतका उजळलेला मी आजवर पाहिला नव्हता.