दीपमालाचा कप्पा

आमच्या घरात फ्रिज आहे, पण तो घराचा नाही, दुकानाचा आहे. मखमलाबाद रस्त्याला घरासमोरच आमचं भाजीचं दुकान. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान खंडेराव, शेतातला माल दिवसभर विकतात आणि उरलेला फ्रिजमध्ये कोंबतात. दुधाच्या पातेल्यावर कोथिंबिरीच्या जुड्या, अंड्यांच्या जागी लिंबं. सकाळी त्यातलं चांगलं चांगलं परत दुकानात जातं आणि पिवळं पडलेलं आमच्या कढईत. भाजीवाल्याच्या घरात ताजी भाजी म्हणजे चैनच!

चाललं असतं तसंच, पण सून पोटुशी आहे. दीपमालाचं रक्त सात निघालं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, गोळ्या देतेच आहे, पण हिला रोज पालेभाजी, बीट, अंडी, फळं हवीत. रक्त वाढलं नाही तर बाळंतपण अवघड जाईल."

घरी येऊन मी पदर खोचला. फ्रिज रिकामा केला, सोड्याच्या पाण्याने पुसला. थंड पेयाच्या बाटल्या मोरीत ओतल्या. त्या माझ्या मुलाच्या, अमोलच्या. तो मालाची गाडी घेऊन वाशीच्या बाजारात गेला होता म्हणून बरं, नाहीतर त्याच्याशीही जुंपली असती. पालकाच्या जुड्या निथळून सुती फडक्यात गुंडाळल्या आणि खालच्या खणात ठेवल्या. शेजारी बीट. मधल्या कप्प्यात मोड आलेली मटकी, उकडलेली अंडी, धुऊन पुसलेले पेरू. दार उघडलं की समोर दिसावं आणि पोरीने उचलून खावं.

"मधला कप्पा आणि खालचा खण दीपमालाचा," मी मालकांना बजावलं. "वरचा तुमच्या दुकानाचा. समजलं?"

"हो, हो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खण उघडते तर पालक गायब. फडकं मात्र नीट घडी घालून ठेवलेलं. त्या घडीने तर माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"सोसायटीतल्या मॅडम आल्या व्हत्या," मालक म्हणाले. "दुकानातला पालक संपला व्हता. गिऱ्हाईक रिकामं पाठवायचं का? संध्याकाळी दुसरा टाकतो की."

संध्याकाळी टाकलाही. दिवसभर कुणी हात न लावलेला, मान टाकलेला.

मग बीट गेलं. मग पेरू. उकडलेली अंडी तेवढी राहिली, कारण ती आमच्या दुकानात खपत नाहीत. मी भांडले, अबोला धरला, जेवायला वाढताना ताट आपटलं. मालक ढिम्म.

"अगं, आपलं पोट दुकानावर हाय."

"आणि तिच्या पोटात कोण हाय? गिऱ्हाईक?"

यावर दीपमालाने काय म्हणावं? "जाऊ द्या ना आई, मला काहीही चालतं." या चालतंचा मला मालकांपेक्षा जास्त संताप यायचा. असल्या गरीब स्वभावाला काय चाटायचंय?

पुढच्या तपासणीला रक्त होतं तिथेच. "नीट खाते ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सून मान खाली घालून "हो" म्हणाली. म्हणजे रक्त हिचं आटणार आणि अब्रू सासऱ्याची झाकायची! पुढच्या वेळी वाढलं नाही तर बाहेरून चढवावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

येताना मी रिक्षा थांबवली आणि दुसऱ्याच्या हातगाडीवरून पेरू आणि गाजरं घेतली. रोख पैसे मोजून, भाजीवाल्याच्या बायकोने! गाडीवाला ओळखीचा, तो गालात हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्या आल्या मी सगळं धुऊन दीपमालाच्या कप्प्यात ठेवलं आणि ताटं घ्यायला वळले. तेवढ्यात मालक आत आले, फ्रिज उघडला, पेरू उचलले आणि निघाले. मी ओरडायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी दीपमाला उठली. एक हात कमरेवर ठेवून ती त्यांच्यामागे दुकानात गेली. मीही धावले.

पेरू काट्यावर ठेवलेले. समोर एक साहेब, पाकीट हातात. दीपमालाने एक पेरू उचलला, कचकन चावा घेतला आणि परत काट्यावर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

"अगं, काय करतीस? गिऱ्हाईक हाय समोर!"

"उष्टं तर विकणार नाय ना, नाना?" तिचं तोंड भरलेलं होतं आणि डोळेही. "मग हे आता माझे."

साहेबांनी पाकीट खिशात घातलं आणि ते गाडीकडे वळले. मालक काट्याकडे बघत राहिले.

मी आत गेले आणि गाजरं पदरात घेऊन आले.

"ही पण लाव तोंडाला," मी म्हणाले. "सगळी."