लाल्याचा मफलर

"मला तुमच्या आजूबाजूचा निसर्ग हवाय," पुण्याच्या मॅडम म्हणाल्या. "ऑटम. म्हणजे पानगळ. पानगळीत तुमच्याकडे काय काय दिसतं ते सांगा. तेच आपण क्रोशानं स्कार्फवर आणू."

सतरंजीवर बसलेल्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या. वडवणी तालुक्यातल्या आमच्या गावाला ऋतू दोनच माहीत आहेत. एकात टँकर येतो आणि दुसऱ्यात यायला पाहिजे होता, पण येत नाही.

"मॅडम, हितं पानं गळत न्हाईत," शेवटी सारजाबाई म्हणाली. "गळायच्या आधी शेरडं खात्यात."

मॅडम हसल्या. सारजाबाई हसली नाही.

ही बैठक महिला विणकाम सहकारी संस्थेच्या हापिसात चालली होती. संस्था बायकांची. अध्यक्ष सुभद्राबाई. संस्थेचा शिक्का मात्र त्यांचे मालक मोहनराव यांच्या खिशात असायचा, कारण लुगड्याला खिसा नसतो. मोहनराव साखर कारखान्याचे संचालक, दूध संघाचे संचालक आणि पाणीवाटप संस्थेचे अध्यक्ष होते. पाणीवाटप संस्थेकडं वाटायला पाणी नव्हतं, त्यामुळं तालुक्यात भांडण नसलेली ती एकमेव संस्था होती. माजलगावच्या धरणाचं पाणी तेलगावच्या बाजूला ऊस पिकवतं. आमच्या गावापर्यंत त्या पाण्याची फक्त बातमी येते. म्हणून आमची माणसं ऊस पिकवत नाहीत, दुसऱ्याचा तोडायला जातात.

सतरंजीवरच्या बायनाबाईला यंदा ऊस तोडायला जायचं नव्हतं. ती आणि तिचा नवरा गहिनीनाथ मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, जोड्या मोजतो, आणि जोडीला कोयता म्हणतो. पण त्यांची शिवकन्या यंदा दहावीला होती. आईबाप गेले की पोरगी एकटी, आणि एकट्या पोरीला आमच्याकडं शाळेच्या आधी स्थळ येतं. मॅडमनी नमुना पास केला तर थंडीभर पुरेल इतकं काम मिळणार होतं. गहिनीनाथनं कबूल केलं होतं, "तुझा मफलर पास झाला तर मी भावाची मेंढरं राखतो. न्हाई झाला तर गुमान टरकात बसायचं." स्कार्फला गावात सगळे मफलरच म्हणत. टीव्हीवर टाकायच्या रुमालापुढं क्रोशा कधी गेला नव्हता, त्यामुळं मफलर हीसुद्धा मोठीच मजल होती.

निसर्ग शोधायला बायनाबाई स्वतःच्या रानात गेली. तिथं कपाशी गुडघ्याएवढी होती आणि निम्म्या पानांवर लाल्या पडला होता. ऐन बोंडं भरायच्या वेळेला पान लालेलाल होतं, मग वाळतं. बघायला सुंदर दिसतं. शेतकऱ्याच्या बायकोनं असं म्हणायचं नसतं, पण दिसतं. बायनाबाईनं एक पान खुडून घरी आणलं.

"रानात लाल्या हाय ती काय कमी पडला?" गहिनीनाथ म्हणाला. "आता घरात बी आनलास व्हय?"

"गळ्यात घालनार हाय," ती म्हणाली.

शिवकन्यानं पान दाराच्या उजेडात धरलं. "आई, सगळं लाल नको करू. शिरा हिरव्याच हायेत बघ."

शिरा हिरव्याच होत्या. बायनाबाईनं हिरव्या लोकरीच्या साखळीनं पाच शिरा काढल्या आणि मधल्या जागेत लाल लोकरीचे खांब भरले. क्रोशात उंच टाक्याला खांब म्हणतात. आमच्या रानात नुसतेच खांब आहेत, तारा यायच्या आहेत, तेव्हा तो टाका बायांना समजावून सांगावा लागत नाही. पानाला पान जोडत तिनं मफलर पुरा केला. मॅडमनी नमुन्यापुरती दिलेली लाल लोकर त्यात संपली. शिवकन्यानं फोटो काढून पाठवला. "अप्रतिम!" मॅडमचं उत्तर आलं. "काय रंग आहेत! फक्त एकदा हातात घेऊन बघू दे. ताबडतोब एसटीनं पाठवा. लगेच ऑर्डर देते."

पार्सलवर संस्थेचा शिक्का पाहिजे, म्हणून बायनाबाई मफलर घेऊन हापिसात गेली. मोहनराव खुर्चीत होते, समोर दोन-चार माणसं होती. इथं जे झालं त्यात कुणाचाच दोष नाही. लांबट विणलेली वस्तू घेऊन बाई समोर उभी राहिली की पुढाऱ्याची मान आपोआप खाली येते. वर्षानुवर्षांच्या सत्कारांनी मणक्याला तसं वळणच पडतं. मोहनरावांची मान खाली आली. आणि पुढं आलेली मान रिकामी परत पाठवायची आमच्याकडं पद्धत नाही. बायनाबाईच्या हातांनी मफलर त्या मानेत घातला. घातल्यावर तिच्या ध्यानात आलं. तोवर टाळ्या वाजल्या होत्या आणि संस्थेचा कारकून उत्तरेश्वर यानं फोटोही काढला होता.

"दादा, ती पुण्याला धाडायचाय," ती म्हणाली. "शिक्क्यासाठी आनलता."

"कशाचं पान म्हनायचं हे?" मोहनरावांनी मफलर चाचपत विचारलं.

"कापसाचं. लाल्या पडल्यालं."

मोहनराव उभे राहिले. "लाल्या! आरं उत्तरेश्वर, उद्या आपला मोर्चा कशाचाय बे?"

"लाल्याच्या अनुदानाचा, साहेब."

"बघ! देव असा देतो," मोहनराव म्हणाले. "बायना, एक दिवस. फकस्त एक दिवस गळ्यात घालतो अन् तुला परत. पुनं काय पळून चाललंय का?"

बायनाबाई तशीच उभी राहिली. पण दिलेला सत्कार परत कसा मागायचा, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मोर्चा बीडला गेला. मुंबईहून आलेले एक मंत्री नेमके तिथंच होते. मोर्चा त्यांच्याच निषेधाचा होता, त्यामुळं निवेदन घ्यायला तेच बाहेर आले. समोर मंत्री दिसल्यावर मोहनरावांच्या हातांनाही वळण होतंच. त्यांनी स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून मंत्र्यांच्या गळ्यात घातला. दुसऱ्या दिवशी पेपरात मंत्री हसत होते, मोहनराव हसत होते आणि मधे लाल्या होता. अनुदानाबाबत सकारात्मक विचार करण्याचं आश्वासन देऊन मंत्री मफलरसह मुंबईला गेले.

पेपर शिवकन्यानं घरी आणला. बायनाबाई उठली ती थेट मोहनरावांच्या दारात.

"दादा, माझा मफलर."

"आगं, कुठं पोचला बघ की! सोनं झालं तुझ्या कामाचं."

"सोनं ऱ्हाऊ द्या तिकडंच. मला मफलर पायजे. मॅडम हातात बघितल्याबिगर आर्डर देत न्हाईत. दुसरा करावा तर लाल लोकर न्हाई. अन् टरक आठ दिसांवर आलाय."

"मंत्र्याच्या गळ्यातला काढून आनू का आता?"

"घालताना मला इचारलंतं का?"

ओसरीवरचा चहा थांबला. सुभद्राबाई दारात आल्या. मोहनराव चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते मदत करायला निघाले.

"कावून एवढी घाबरतीस? मी बोलतो मॅडमशी. लाव रे उत्तरेश्वर फोन. अन् स्पीकरवर ठेव, हिला बी ऐकू दे."

फोन लागला.

"नमस्कार मॅडम, मोहनराव बोलतोय. तुमचा मफलर आज अख्ख्या महाराष्ट्रात गाजतोय! साक्षात मंत्रिमहोदयांनी गळ्यात घातलाय."

"मंत्र्यांनी?" मॅडमचा आवाज जरा आखडला. "कुठे?"

"मोर्च्यात. लाल्याच्या."

"लाल्या कोण?"

"कोन न्हाई, रोग हाय मॅडम. कपाशीवरचा. तुमच्या मफलरवरचं पान त्याच रोगाचं. एकदा पडला की बोंड भरत नाही, रानच्या रान वाळून जातं, शेतकरी देशोधडीला..."

बायनाबाई हातानं 'नको, नको' करत होती. मोहनरावांना वाटलं, बाई गहिवरली. त्यांनी आवाज चढवला आणि शेतकऱ्याला पुरता देशोधडीला लावूनच ते थांबले.



"मला माहीत नव्हतं हे," मॅडम म्हणाल्या. "वाईट वाटतं ऐकून. पण रोगाचं पान लोक गळ्यात नाही हो घालणार. आणि त्यात मंत्री, मोर्चा... आमचं गिऱ्हाईक वेगळं आहे. ताईंना म्हणावं, हात फार सुंदर आहे. मी एक पान पाठवते, मेपलचं. परदेशात असतं. तसं करायला सांगा. यंदा नाही आता, पुढच्या वर्षी बघू."

फोटो आला. उत्तरेश्वरनं मोबाइल बायनाबाईपुढं धरला. पाच बोटांचं पान, लालेलाल.

तिनं मोबाइल जवळ ओढला. "ह्याच्यावर बी लाल्याच पडलाय की."

"तसं न्हाई बायना," मोहनराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "ह्यो रोग न्हाई. ह्यो निसर्ग हाय."

ती निघाली तशी सुभद्राबाई म्हणाल्या, "शिवकन्याची काळजी करू नको. तू जा उसाला. पोरगी ऱ्हाईल आमच्याकडं, घरच्यासारखी. शाळा शिकंल, मला बी जरा हाताखाली."

गावातल्याच बंकटची पोरगी मागच्या साली अशीच घरच्यासारखी राहिली होती. पहाटे गोठा, दुपारी धुणं, संध्याकाळी भाकरी. परीक्षेच्या दिवशी मोहनरावांकडं पाहुणे होते. बायनाबाई काहीच बोलली नाही. सुभद्राबाईंनी तो होकार समजला.

ट्रक आला. मुकादम धुळाजी फळीवर उभा राहून नावं पुकारत होता. मोहनराव नारळ फोडायला आले होते, दरवर्षी येतात. गहिनीनाथनं गाठोडी चढवली. बायनाबाई चढली, आणि वरून तिनं हात खाली दिला.

"चढ, शिवकन्या."

"आई, माझी शाळा," शिवकन्या म्हणाली.

"चढ म्हन्ते ना."

"आगं आगं, तिला कुठं नेतीस?" मोहनराव पुढं झाले. "ठरलंय ना आपलं? पोरगी आमच्याकडं शिकनार."

"बंकटाची कितवी शिकली, दादा?"

गर्दीत कुणीतरी खोकलं. बंकट तिथंच उभा होता. तो ट्रकच्या टायरकडं बघू लागला.

धुळाजीनं खाली वाकून पोरीचे दंड बघितले. "हिला अर्धा कोयता धरतो," तो म्हणाला. गहिनीनाथनं मान डोलावली. शिवकन्यानं चपला हातात घेतल्या, आईचा हात न धरता चाकावर पाय ठेवून वर चढली, आणि तिच्याकडं पाठ करून बसली. बायनाबाईनं दिलेला हात तसाच मागं घेतला.

ट्रक सुटला. मोहनरावांना मनापासून वाईट वाटलं. धूळ खाली बसेपर्यंत ते थांबले, आणि मग उरलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांसमोर मुलींच्या शिक्षणाबद्दल आपल्या समाजात किती अनास्था आहे यावर बोलू लागले. चांगलं बोलले. उत्तरेश्वरनं फोटो काढला.