धुण्याच्या दोरीखालची शोधकाठी

मित्रांनो, पौडच्या बाजारामागे एका परसात धुण्याची दोरी उचलून धरणारी जी काळपट काठी दिसते, ती मी. कावळे माझ्या डोक्यावर बसतात आणि बसून झाल्यावर जे करायचे तेही करून जातात. एके काळी मात्र मला नुसते पाहून मुळशीतल्या भल्याभल्यांची पाचावर धारण बसत असे.

माझा जन्म ताम्हिणीच्या रानातला. कुशाबा नावाच्या कारागिराने अंजनीची एक सरळ फांदी तोडली, तिला करंजाचे तेल पाजले आणि तिच्या कानात मंत्र सांगितला. काठीला कान कुठले, असे विचारू नका. मंत्र ऐकतानाच ते फुटले. त्या दिवसापासून मला एक विद्या आली. मला मुठीत धरून कुणी 'अमका कुठे आहे' असे विचारले, की माझे टोक त्या माणसाकडे ओढ घेई. माणूस मेलेला असेल तर मात्र मी हलत नसे.

बक्षीस लागलेली माणसे शोधून आणणाऱ्यांना तेव्हा आमच्याकडे धरकरी म्हणत. पौडचा बाबालाल हा त्यांच्यातला एक. त्याने मला कुशाबाकडून विकत घेतले आणि आम्ही दोघांनी मुलूख पालथा घातला. लोकांच्या सावल्या चोरून विकणारा एक भामटा कासार आंबोली नावाच्या गावात माळी बनून राहिला होता, त्याला आम्ही गुलाबाला पाणी घालताना धरले. कातडे पांघरून खराखुरा वाघ होणारा एक शेळीचोर महाळुंग्याच्या उसात सापडला. लोक म्हणत, "काठी लई गुणाची हाय." बाबालाल मला रोज फडक्याने पुसायचा.

पण कौतुक वेगळे आणि माया वेगळी. बाबालाल कुणाकडे गेला की मला बाहेर भिंतीला टेकवावे लागे, कारण मी घरात आलेली कुणालाच नको असे. पोरे मला पाहून आत पळत. गुराख्यांच्या काठ्या चावडीपाशी एकमेकींना खेटून उभ्या राहत आणि मी पलीकडे एकटी. माझ्यासारखी दुसरी काठी जगात नव्हती. मला एक बहीण हवी होती. दुसरे काहीही मी कधी मागितले नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर हैबतराव नावाच्या एका बड्या जमीनदाराचे गडी रातोरात पुण्याकडे निघून जाऊ लागले. मग त्याने कुशाबावरच बक्षीस लावले. का, ते सांगितले नाही. बाबालालनेही विचारले नाही. धंद्यात विचारायची रीत नव्हती. त्याने मला मुठीत धरून कुशाबाचे नाव घेतले आणि मी त्याला सरळ ताम्हिणीला नेले.

कुशाबा धबधब्यामागच्या एका गुहेत शेगडी पेटवून बसला होता. तो पळाला नाही. त्याने बाबालालला कोरा चहा दिला आणि माझ्याकडे बघितले.

"हैबतरावाला वाडीवाडीला एक अशी काठी पायजे," तो म्हणाला. "पळालेला गडी धरून आणाया. न्हाई म्हनलो, म्हून लपलोय."

"मला ह्ये ठावं न्हवतं," बाबालाल म्हणाला.

"ही एक केली तीच चुकी झाली. आनखी केल्या, तर गरिबाला लपाया जागा ऱ्हायाची न्हाई."

चुकी म्हणजे मी. ते वाक्य मला लागले. पण खरे सांगते, त्याहून मोठ्याने मला दुसरेच ऐकू येत होते. वाडीवाडीला एक काठी! म्हणजे वाडीवाडीला माझी बहीण. बाबालालने कुशाबाच्या मुसक्या बांधाव्यात, असे मला मनापासून वाटले.

बाबालालने चहा संपवला आणि मला घेऊन तो एकटाच खाली उतरला.

"न्हाई गावला," त्याने हैबतरावाला सांगितले.

"तुला न्हाई गावला, मला गावंल. आन हिकडं."

हैबतरावाने मला हिसकावून घेतले आणि विचारले, "कुशाबा कुटं हाय?" माझे अंग ताम्हिणीकडे असे ओढू लागले, की शेंड्यापासून बुडाच्या लोखंडी शेंबीपर्यंत चीर जाते की काय असे वाटले. एवढेसे वळले असते तर मला बहिणी मिळाल्या असत्या. पण मग त्यांनाही भिंतीबाहेर उभे राहावे लागले असते आणि त्यांना पाहूनही पोरे पळाली असती. मी हलले नाही. माझ्या अंगावरची चीर तेव्हाची आहे. हैबतरावाने मग समोर उभ्या बाबालालचेच नाव घेऊन पाहिले, मी तेव्हाही हलले नाही.

"मेली ही काठी," हैबतराव म्हणाला आणि त्याने मला चिखलात फेकले.

बाबालालने मला उचलून घरी नेले. मेलेल्या काठीचे सोंग आम्हाला जन्मभर वठवावे लागणार होते, त्यामुळे त्याने धंदा सोडला आणि बाजारात सुकी मासळी विकायला तो बसू लागला. त्याची बायको बद्रुन्निसा म्हणाली, "रिकामी हुबी ऱ्हाण्यापरीस दोरी तरी उचलू दे तिला." तेव्हापासून मी इथे आहे.

दरवर्षी पाऊस उघडला की बाबालाल परसात येई, माझ्यावर हात ठेवी आणि हळूच विचारी, "कुशाबा कुटं हाय?" मी पश्चिमेला झुके, आणि माझ्यासोबत दोरीवरचे सगळे धुणे झुके. "जित्ता हाय," असे पुटपुटून तो आत जाई. बद्रुन्निसाला वाटे, वारा सुटला.

मागच्या वर्षी त्याने विचारले आणि धुणे जागचे हलले नाही. त्याने पुन्हा विचारले. मग "गेला रं," असे पुटपुटून तो आत वळला. कुशाबाबरोबर मंत्रही गेला. आता मला बहीण कधीच मिळणार नाही. बाबालालही त्यानंतर परसात फारसा येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोपऱ्यात अशी एखादी जुनी काठी असेल. तिला ऊन-पावसात टाकू नका, वर्षातून एकदा तेलाचे बोट लावा. आणि जमले तर तिच्यावर हात ठेवून तिची विचारपूस करा. आजवर ज्याने मला धरले, त्याने दुसरा कुणीतरी कुठे आहे एवढेच विचारले. तू कशी आहेस, हे मला अजून कुणीही विचारलेले नाही.