झाकून ठेवलेला टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. पण मालिका आणि क्रिकेट दाखवणारा नव्हे. माझ्या डोक्यावर कॅमेरा आहे, पायाला चाकं आहेत आणि मी हॉस्पिटलात राहतो. माझ्यासमोर पेशंट बसला की दूर टोरांटोत बसलेले डॉक्टर त्याला बघू शकतात, त्याच्याशी बोलू शकतात, "पाय जरा वळवा" म्हणू शकतात. निदान त्यासाठीच मला बनवलं होतं. माझी गोष्ट ऐकायला गोड नाही. माझं डोकं अजून तापलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

२००४च्या हिवाळ्यात मी ट्रकमधून कॅनडातल्या उत्तर ऑन्टॅरिओ भागातल्या एका गावात आलो. गाव कसलं? एक कागदाची मिल, एक चर्च, एक ग्रोसरीचं दुकान, हे हॉस्पिटल, आणि मग जंगलच जंगल. टोरांटोला जायचं तर गाडीत अख्खा दिवस मोडायचा, तोही रस्ता उघडा असला तर. माझं काय कौतुक झालं म्हणता! रिबन कापली, केक कापला. मॅनेजरसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला आणि म्हणाले, "आता आपल्या माणसांची स्पेशालिस्टसाठी वणवण संपली." माझी छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मीटिंगच्या खोलीत ढकललं आणि कुलूप लावलं. वस्तू महागाची, उगाच कुणी हात लावायला नको!

खोलीची दुसरी किल्ली युनिसकडे असे. युनिस मूळची वसईची, हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर काम करायची. तिचा नवरा रेमंड मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. गावात मराठी बोलणारी ही दोघंच. म्हणून युनिस माझी धूळ पुसताना माझ्याशी मराठीत बोले, आणि मी मराठी शिकलो ती तिच्याकडूनच. तिच्या माहेरी टीव्हीला, मिक्सरला, सगळ्यालाच क्रोशाचं कव्हर असायचं. तसं एक तिने माझ्यासाठी विणलं. पांढरंशुभ्र, खाली झालर.

"बघ, कसा नवऱ्या मुलासारखा दिसतोस!" ती म्हणाली. मीही मूर्ख, खूश झालो.

वर्षं गेली. मला चालू करत ते बजेटच्या मीटिंगला, नाहीतर वरच्या साहेबांना मेरी ख्रिसमस म्हणायला. एकही पेशंट माझ्यासमोर बसला नाही. मी मात्र लख्ख होतो, अंगावर एक ओरखडा नाही.

२००८च्या शेवटी रेमंडच्या मांडीत लिंबाएवढी गाठ आली. दुखत नव्हती. महिन्यातून एकदा विमानाने येणारे सर्जन स्वभावाने गोड, पण सदा घाईत. त्यांनी गाठ दाबून पाहिली. "जस्ट फॅट, रेमंड. आजच काढून टाकू." आणि काढलीसुद्धा! ऑपरेशनची खोली माझ्या खोलीपासून दोन दारं सोडून. सुरी लावण्याआधी कुणा जाणकाराला विचारावं, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

युनिसला वाटलं, देवच भेटला. डॉक्टरांना प्रश्न विचारायचे नसतात, त्यांना खाऊ द्यायचा असतो, अशीच ती वाढली होती. नाताळात तिने सर्जनसाठी डबाभर कुलकुल, म्हणजे वसईकडचा नाताळचा गोड खाऊ, तळून पाठवले.

मग रिपोर्ट आला. ती चरबी नव्हती. सार्कोमा होता, लाखात एखाद्याला गाठणारा कॅन्सर. त्यातले जाणकार डॉक्टर अख्ख्या प्रांतात मोजके, आणि सगळे मोठ्या शहरांत. दोघं गाडी काढून टोरांटोला गेली. परतल्यावर युनिस अंगातला कोटही न काढता माझ्यासमोर येऊन बसली.

"तिथली डॉक्टरीण म्हणाली, अशी गाठ आधी सुई घालून तपासायची असते. आपल्या सर्जननी थेट कापली, तीही आडवी. त्यामुळे कॅन्सर आजूबाजूला पसरलाय. पाय वाचेल का, सांगता येत नाही." तिचा आवाज चढला. "आणि वर मला विचारते, आम्ही सार्कोमाचे सगळे डॉक्टर दर गुरुवारी व्हिडिओवर बसतो. कुठल्याही गावातून केस दाखवता येते. तुमच्याकडे मशीन नाही का? जेजू देवा! काय सांगू मी तिला? आहे, मीच त्याला कव्हर विणलंय?"

मित्रांनो, मी आतल्या आत जळत होतो. दोन दारं! फक्त दोन दारं सोडून मी उभा होतो, झालर लावून!

पुढच्या गुरुवारी त्या डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये रेमंडच्या पायाचा निकाल लागायचा होता. त्याने टोरांटोत समक्ष हजर राहायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी बर्फाचं वादळ आलं आणि हायवे बंद झाला. मॅनेजरसाहेब म्हणाले, "रीशेड्यूल करू, युनिस. नेक्स्ट मंथ."

"नेक्स्ट मंथ? कॅन्सर तुमचं कॅलेंडर बघून थांबणार आहे?" युनिसने त्यांच्यादेखत माझं कव्हर खसकन ओढलं. झालर टरकन फाटली. "उद्या रेमंड या टीव्हीसमोर बसेल."

"पण उद्या टीव्ही बुक्ड आहे. बजेटची मीटिंग..."

"चुलीत घाला तुमचं बजेट!" हे मात्र ती मराठीत ओरडली. साहेब निमूट बाजूला झाले.

गुरुवारी सकाळी मी उजळलो. पडद्यावर एक लांब टेबल दिसलं. कापणारे, किरणांचे उपचार करणारे, सूक्ष्मदर्शकातून गाठीचा तुकडा तपासणारे, सगळे डॉक्टर एकत्र बसले होते. समोर रेमंड, कडाक्याच्या थंडीत हाफ पँट घालून.

"पाय जरा वळवा," डॉक्टरीण म्हणाली. ज्या शब्दांसाठी माझा जन्म झाला, ते मी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ऐकले.

ते आपसात बराच वेळ बोलले, वादही घातला. मग तिने काही न लपवता सांगितलं, "आधी विचारलं असतं, तर पाय वाचण्याची खूप आशा होती. आता जीव वाचवायचा तर पाय काढावा लागेल."

रेमंडने मांडीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "युनिस, तो कुलकुलांचा डबा सर्जनकडून परत आणलास का गं?" युनिस हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं.

रेमंड जगला, एका पायावर. त्याची प्रत्येक तपासणी माझ्यासमोरच झाली. हळूहळू दूरदूरच्या वस्त्यांतली माणसंही येऊ लागली. माझी चाकं झिजली, कडा खरवडल्या, बटणावरचा रंग उडाला. फाटकं कव्हर हॉस्पिटलच्या दाराशी पडलं. त्यावर लोक बर्फाचे बूट पुसत.

२०१२ मध्ये माझ्या जागी नवा, सडपातळ टीव्ही आला. पुन्हा रिबन, पुन्हा केक. नवे मॅनेजर कौतुकाने म्हणाले, "युनिस, तू सुंदर कव्हर विणायचीस म्हणे. याला एक विणशील?"

युनिसने कुबड्या टेकून उभ्या असलेल्या रेमंडकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "आणि या खोलीला कुलूपही लावायचं नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, आम्हांला जपा. मला जपलं म्हणून एका भल्या माणसाचा पाय गेला. माझ्या त्या नव्या भावाला तरी जपत बसू नका. त्याला राबवा, झिजवा, बिघडला तर दुरुस्त करा. त्याचं बटण उजव्या अंगाला आहे. सुरी उचलण्याआधी ते दाबा.