चाळीसच्या चाळीस शहाणी

आशाबाई माझ्या दारात आली तेव्हा तिच्या हातात वर्षालीची, तिच्या मुलीची, पहिली ते चौथीची प्रगतिपत्रकं होती. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. चारही वर्षं वर्षालीची वर्गशिक्षिका मीच होते.

"मॅडम, अकोल्याच्या डॉक्टरीनबाईनं इचारलं, लहानपणी शाळेत कशी होती म्हून. एवढा फारम भरून द्या. तिच्या बापानं तं हे कागद वाचून लय मारलं तिले. मॅडमजवळ शांत बसे अन् आता नाटकं करून राहिली म्हणे."

वर्षाली आता मूर्तिजापूरच्या एका हायस्कुलात नववीत आहे. धडा चालू असताना उठून जाते, पेपर अर्धा टाकते. परवा कंपासपेटी भिरकावली ती एका मुलीच्या कपाळाला लागली. मुख्याध्यापक दाखला हातात द्यायला निघाले होते. डॉक्टरांना हा अतिचंचलतेचा आजार वाटत होता; लहानपणापासून असंच आहे हे दिसलं तर त्या उपचार करणार आणि शाळा ठेवून घेणार. नाहीतर पोरगी मस्तवाल, घरी बसा.

होतंच की पहिलीपासून! दहा मिनिटं बूड टेकत नसे. मी तिला दाराशी बसवायची, फळा पुसायला लावायची, उगाच पाणी आणायला पिटाळायची. मला सगळं कळत होतं. पण प्रगतिपत्रकातल्या नोंदींचा तयार मजकूर आम्हा शिक्षकांच्या ग्रुपवर यायचा आणि आम्ही तो उतरवायचो. 'वर्गात लक्षपूर्वक ऐकते. दिलेले काम वेळेत पूर्ण करते.' वाईट नोंद केली की साहेब विचारणार, मग तुम्ही काय उपाय केला? नसती ब्याद कोण ओढवून घेणार! माझ्या वर्गातली चाळीसच्या चाळीस पोरं लक्षपूर्वक ऐकायची. खरं सांगते, तेव्हा लाजसुद्धा वाटली नाही.

डॉक्टरांचा फॉर्म मात्र मी खरा भरला. 'जागेवर बसू शकत नाही' यापुढे 'नेहमी'वर खूण केली आणि दुसऱ्या दिवशी तो दाखवायला आशाबाईसोबत हायस्कुलात गेले. मुख्याध्यापकांनी फॉर्म आणि प्रगतिपत्रकं शेजारी शेजारी मांडली.

"मॅडम, अक्षर दोन्हीकडे तुमचंच. खोटं कोणतं?"

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "जुन्या नोंदी खोट्या होत्या असं लिहून सही करा. मी पोरीला ठेवून घेतो. कागद मात्र शिक्षण विभागाला पाठवावा लागेल."

माझी नोकरीची तीन वर्षं राहिली आहेत. एका मुलीची नोंद खोटी म्हटलं की सगळ्यांच्याच निघणार. मी पेनाचं टोपण काढलं.

वर्षाली भिंतीला टेकून उभी होती. तिच्या गालावर वळ होता.

"मॅडम, मी तुमच्या वर्गात खरंच शांत बसत होती का? मले तं आठवत नाई."

आशाबाई माझ्याकडे बघत होती. मुख्याध्यापकही.

"बसायचीस गं," मी म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

वर्षालीनं मान खाली घातली. "मंग बाबा बराबर म्हणते, माय," ती आईला म्हणाली. "मीच मुद्दाम करून राहिली."