भट्टीचा पट्टा फिरवणारा दांडा

मित्रांनो, मी बिस्किटांच्या कारखान्यातला एक जुना लोखंडी दांडा. लांबलचक भट्टीतून बिस्किटं नेणारा पट्टा वीज गेली की हातानं फिरवायचा, त्यासाठी लोहारानं मला ठोकून वाकवलं. पूर्वी वीज सारखी जायची, त्यामुळे माझा भाव भलताच वधारलेला असे.

मग इंजिनियरसाहेबांनी पीठ मळण्यापासून पुडे बांधण्यापर्यंत सगळी यंत्रं एकाच पॅनेलला जोडली. काय तो थाट! एक बटण दाबलं की अख्खा कारखाना एका दमात पळायचा. मी खिळ्यावर लटकून खुशीत बघत राहायचो. दर रंगकामात माझ्यावर मात्र रंगाचे थर चढले आणि भट्टी सांभाळणाऱ्या ताई मला ॲप्रन अडकवू लागल्या.

एके दुपारी पुडे बांधणाऱ्या यंत्राच्या काचेच्या डोळ्यावर, म्हणजे सेन्सरवर, कागदाचा कपटा चिकटला. यंत्र थांबलं. ते थांबलं म्हणून भट्टीचा पट्टा थांबला, आणि त्यापाठोपाठ पीठ मळणारं यंत्रही गपगार झालं. पुडे बांधायच्या यंत्रावर काम करणारी ताईंची धाकटी बहीण धावत आली.

"ताई, माझ्याकडे नुसता कपटा अडकला होता. तुझं का बंद पडलं?"

"सगळ्यांच्या शेपट्या एकमेकांना बांधल्यात ना," ताई म्हणाल्या. "साहेब, निदान माझा पट्टा तरी सुरू करा."

"कपटा काढला, गॅस बंद केला, तरी पॅनेल दाद देत नाही," साहेब घाम पुसत म्हणाले.

गॅस बंद झाला, तरी भट्टीची धग थोडीच लगेच जाते? आतली बिस्किटं करपली, काळा धूर निघाला. आणि शेजारीच पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांची थप्पी, ठिणगी पडायचाच अवकाश!

ताईंनी ॲप्रन भिरकावला, मला उपसलं आणि पट्ट्याच्या खोबणीत घातलं. मी अडलो. खोबणीतही रंग वाळला होता. धाकटीनं हातोडीचा दणका दिला, तसा मी खटकन आत बसलो. ताईंनी जोर लावला. साहेबांनीही बाह्या सरसावून हात घातला. पट्टा कुरकुरला, हलला, सरकला! कोळसा झालेली बिस्किटं भदाभदा बाहेर पडू लागली आणि धाकटी त्यांच्यावर बादल्या ओतू लागली. मी गरगर फिरत होतो. किती वर्षांनी माझ्या अंगात वारं शिरलं होतं!

भट्टी रिकामी झाली, तेव्हा तिघंही काळ्या तोंडांनी जमिनीवर बसून हसत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी प्रत्येक यंत्राला वेगळं बटण बसवायला घेतलं. ताईंनी माझा रंग खरवडून मला तेल लावलं.

मित्रांनो, यंत्रं जरूर जोडा, त्यात मोठी मजा आहे. पण एकाला ठेच लागली की सगळीच कोसळतील, इतकी घट्ट बांधू नका. आणि तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी खिळ्यावर लटकत असेल, तर त्याला अधूनमधून फिरवून बघा. खोबणीत घालून.